सलाईन संपलंय

"टेबलावर ठेव," चेअरमन म्हणाला.

मी गोळ्यांचं पाकीट त्याच्या हातात देत होतो. त्यानं हात मागं घेतला. मी पाकीट टेबलावर ठेवलं, मग त्यानं उचललं. डॉक्टर हसले. मीही हसलो. लपवत नाही. हसलो.

गेवराई तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी औषधं वाटायचो. आमच्या बौद्धवाड्यातला पहिला सरकारी नोकर. त्या साली दुष्काळ होता. टँकरच्या तळाचं गढूळ पाणी पिऊन माणसं जुलाब-उलट्यांनी आडवी पडत होती. सकाळपासून रांग लागायची.

चेअरमन सहकारी साखर कारखान्याचा. रविवारी कारखान्यावर त्याच्या हातून मोफत औषधवाटप होतं. औषधं सरकारनं घेतलेली, नाव ह्याचं.

"सलाईनची खोकी जीपमधी टाक बे," तो म्हणाला. डॉक्टरांनी मान हलवली.

चार खोकी होती. दोन मी खांद्यावरून नेली. रांगेसमोरून. रांगेत आमच्याच वाड्यातली माणसं. उरलेली दोन शनिवारी जाणार होती. तोवर कुणी विचारलं तर संपलंय म्हणून सांगायचं, असं डॉक्टरांनी बजावलं.

पहिली विचारायला आली राहीमावशी, माझ्या आईची चुलत बहीण. तिची सून शेवंता सात महिन्यांची गरोदर. व्हरांड्यातल्या बाकावर पडलेली. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी.

"डॉक्टर म्हणत्यात, सलाईन बाहेरून आण. हितं न्हाई का रं?"

पाठीमागं स्टोअरचं दार. किल्ली माझ्या खिशात.

"संपलंय, मावशी."

तिनं खोकी जाताना पाहिली होती. आत अजून दोन आहेत, हे तिला माझ्या तोंडावरूनच कळलं असावं. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "तू हायस म्हणून आल्ते, बाबा. लई भरवशानं आल्ते."

गावातल्या मेडिकलमध्ये सलाईन नव्हतं. दुपारच्या एसटीनं तिनं सुनेला बीडला नेलं. शेवंता वाचली. पोटातलं लेकरू गेलं.

कळलं तेव्हा मी जेवत होतो. तोंडातला घास मी गिळला. वाड्यात कुणी मला शिवी दिली नाही. "त्याची नोकरी हाय, त्याला तसंच बोलावं लागतं," म्हणाले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. चेअरमननं माझा हात लागू दिला नाही, ते मला झोंबलं होतं. पण मावशीला दारातून हाकलायला त्याला माझंच तोंड लागलं. ते मी दिलं होतं.

शनिवारी सकाळी दवाखान्याच्या फळ्यावर मी खडूनं लिहिलं: सलाईन शिल्लक आहे, मागून घ्या.

रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय लिवलंय?"

मी मोठ्यानं वाचून दाखवलं. तेवढ्यात जीप आली.

"खोकी काढ," चेअरमन म्हणाला.

"न्हाई. पेशंट दाखवा, केसपेपर दाखवा, देतो."

"कुणामुळं नोकरी करतोस बे?"

"तुमच्यामुळं न्हाई."

डॉक्टर बाहेर आले. किल्ली मागितली. किल्ली दिली नाही. रांगेतल्या चौघींनी केसपेपर पुढं केले. त्यांच्यादेखत मी कुलूप उघडलं आणि सलाईन नर्सबाईंच्या हातात दिलं. जीप रिकामी गेली.

महिन्याभरात माझी बदली झाली, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला.

सुट्टीला वाड्यात आलो की राहीमावशी माझ्याशी बोलते. शेवंता बोलत नाही. समोर आली की पदर ओढून बाजूनं जाते. मी तिला हाक मारत नाही. शनिवारची गोष्ट तिला सांगायचं तोंड मला नाही. तिच्यासाठी मी चार दिवस उशिरा माणूस झालो.

ती औषधं आमच्याच लोकांसाठी आली होती. कुणाची मेहेरबानी नव्हती. मी ती त्यांच्यापासूनच राखत बसलो. चेअरमनला माफी नाही. मलाही नाही. आता कुठलाही साहेब सांगू दे, औषध शिल्लक असताना मी संपलंय म्हणणार नाही. नोकरी गेली तर जाऊ दे.