ताईंचा मेल सर्व्हर

माझ्या थोरल्या नणंदेइतकी चौकस बाई अख्ख्या बुलढाण्यात दुसरी नसेल, आणि सगळ्यांच्या मेल वाचायची सोय हाताशी असून एकही न वाचणारी तर भूतलावर नसेल. ताई एका कॉलेजचा मेल सर्व्हर सांभाळायच्या. मिक्सर बंद पडला तर तो सुरू होण्यापेक्षा का बंद पडला, यातच त्यांना रस. एकदा बसच्या इंजिनात खडखड ऐकू आली. ती नेमकी कोणत्या गिअरला येते, हे ऐकत ताई ड्रायव्हरशेजारी बसून राहिल्या आणि धाड गावाला उतरायचं सोडून पुढच्या गावी पोहोचल्या.

एकदा मी त्यांचा डबा घेऊन कॉलेजात गेले, तर तिथे गोंधळ. आदल्या दिवशी सर्व्हरची डिस्क बदलली होती आणि तेव्हापासून कोणालाच मेल येत नव्हती. गणिताचे सर दाराशी येरझाऱ्या घालत होते. त्यांची लेक परदेशात बाळंतपणाला दवाखान्यात, फोन लागत नव्हता. जावयाच्या मेलचाच काय तो आधार. ताईंच्या पडद्यावर एकच तक्रार पुन्हा पुन्हा उमटत होती: परवानगी नाही. "पण कोणाले नाही?" ताई पुटपुटल्या. प्रत्येकाची मेलची फाईल त्यांनी तपासली, सगळ्या ठीक. सर काकुळतीला आले, "मॅडम, सगळ्यांले सगळंच उघडं करून टाका ना!"

"मंग तुमच्या लेकीची मेल सारं कॉलेज वाचीन. चालीन?"

सर पुन्हा येरझाऱ्या घालू लागले. ताई डब्याकडे बघेनात. मग एकदम हसल्या. "वहिनी, मी बी पागलच! मी सर्व्हरची मालकीण बनून पाहून राह्यली, मले कोण अडवते? जो प्रोग्राम मेल पोहोचवते, त्याच्या नावानं जाऊन पाह्यते." तशा गेल्या आणि लगेच अडल्या. फाइली ठीक होत्या. त्या ज्या फोल्डरमध्ये होत्या, त्यात शिरायचीच परवानगी नव्या डिस्कवर द्यायची राहून गेली होती. ताईंनी एक ओळ टाइप केली आणि अडकलेल्या मेल भराभर यायला लागल्या. जावयाचं नाव दिसताच त्या खुर्ची सोडून खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "वाचा सर."

सरांनी मेल दोनदा वाचली. "मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

"वजन किती?" ताई खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणाल्या, "अन् जावळ हाय काय?"

आता कॉलेजची मेल बाहेरची कंपनी सांभाळते. मध्ये एकदा सगळं बंद पडलं, तेव्हा ताई उत्साहाने कारण शोधायला बसल्या. पण पडद्यावर 'थोड्या वेळाने प्रयत्न करा' एवढंच. थोड्या वेळाने ते आपोआप सुरूही झालं आणि सगळे कामाला लागले. त्या दिवशी घरी जेवताना ताईंचा घास हातातच राहिला. "चालू झालं, वहिनी," त्या म्हणाल्या, "पण काय झालं होतं, ते आता कोणी सांगतच नाही."