सातवा रकाना

आमच्या ताईला राग येत नाही, असं तिच्या खात्यातले लोक सांगतात. मी तिची धाकटी बहीण, मला विचारा. ताई रागावत नाही, डूख धरते. शाळेत एका मुलीने तिच्या कंपासपेटीतलं कर्कटक ढापलं होतं. पंधरा वर्षांनी त्या मुलीच्या लग्नाला ताई गेली, पोटभर जेवली आणि भेट म्हणून एक नवं कर्कटक देऊन आली. सोबत चिठ्ठी होती, "जुनं आता नाही दिलंस तरी चालेल."

ती नगरपालिकेच्या नगररचना खात्यात सर्व्हेअर आहे. शहराचा नवा आराखडा करायचा, पुढच्या वीस वर्षांत घरं कुठे, रस्ते कुठे, शाळा कुठे हे ठरवायचं, तर आधी आज कुठे काय आहे ते लिहून काढावं लागतं. त्यासाठी दर जागेचा एक फॉर्म असतो. फॉर्मात अकरा रकाने, त्यातला सातवा "सध्याचा वापर". राहतं घर, दुकान, गोदाम, मोकळी जागा, जे असेल ते त्यात लिहायचं. काही फार डोकं लागत नाही. जागेवर जायचं आणि डोळे उघडे ठेवायचे.

तेवीस वर्षांपूर्वी, मागच्या आराखड्याच्या वेळी, आमच्या गल्लीचा सर्व्हे करणारा माणूस जागेवर गेलाच नाही. खात्यात त्याला सगळे जीपसाहेब म्हणायचे, कारण जीपमधून खाली उतरणं त्याला कमीपणाचं वाटायचं. आमची गल्ली अरुंद, तोंडाशी सांडपाणी. जीप आत शिरेना. मग त्याने कोपऱ्यावरूनच मान वळवली आणि एकोणीस घरांच्या नावाने सातव्या रकान्यात लिहून टाकलं, "मोकळी जागा". हे मी मनाचं सांगत नाही. खात्यात लागल्यावर पहिल्याच महिन्यात ताईने रेकॉर्ड रूममधून ते फॉर्म हुडकले, आणि बाकीचं तिला ती जीप चालवणाऱ्या ड्रायव्हरने सांगितलं, तो तेव्हा अजून नोकरीत होता.

मोकळ्या जागेवर आराखड्याने ट्रकतळ ठेवला. हरकत घ्यायला साठ दिवस होते, पण नकाशा पालिकेच्या भिंतीवर आणि आमच्या गल्लीत नकाशा कळणारं कोणी नाही. गल्ली पाडली तेव्हा मी सात वर्षांची होते, ताई अकराची. बाबांनी दाराची चौकट उखडून हातगाडीवर घातली. पुढची नऊ वर्षं ते विजेची जुनी बिलं घेऊन पालिकेच्या खिडक्यांसमोर चपला झिजवत राहिले. प्रत्येक खिडकीत एकच उत्तर, "कागदावर तिथे कोणी राहतच नव्हतं." दहाव्या वर्षी बाबा गेले. ट्रकतळ तर झालाच नाही. आज तिथे नुसतं गवत आहे. जीपसाहेबांचा शब्द पालिकेने असा खरा करून दाखवला.

आई माझ्याबरोबर एका छापखान्याच्या वर, चौथ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत राहते. तिचे गुडघे गेलेत. गेले आठ महिने ती जिना उतरलेली नाही.

नव्या आराखड्यात घरांचं एक प्रकरण आलं. जुन्या आराखड्यामुळे ज्यांची घरं गेली त्यांना पालिका नवी घरं देणार, अट एकच, जुन्या सर्व्हेत घराची नोंद हवी. आमची कुठून असणार? ताई खात्याच्या प्रमुखांकडे गेली. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. बाईंनी फॉर्म पाहिले, चष्मा काढला. म्हणाल्या, "ज्याने सही केली तो जिवंत असेल आणि जागेवर न जाता लिहिलं असा लेखी जबाब देईल, तर एकोणीसच्या एकोणीस कुटुंबं मी यादीत घेते. नाहीतर माझे हात बांधलेत."

जीपसाहेब जिवंत होते. निवृत्त होऊन अकरा नंबरच्या वॉर्डात बंगला बांधून राहत होते. तो वॉर्ड दुसऱ्या सर्व्हेअरच्या वाट्याला आला होता. ताईने त्याला आपला दुकानांचा सोपा वॉर्ड दिला आणि त्याचा घेतला. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस मिळेना, म्हणून मी रजा काढली. खरं सांगायचं तर माणूस मिळाला असता तरी मी काढली असती. मला तो म्हातारा रडताना बघायचा होता.

"या, या! आपण एकाच खात्यातले," म्हणत त्यांनी आम्हाला बसवलं. चहा आला. आम्ही त्याला हात लावला नाही. ताईने बंगला मोजला आणि मागच्या दाराकडे वळली, तसे ते लगबगीने आडवे आले.

"मागे काही नाही हो. जरा अडगळ आहे."

मागे नाल्याकाठी पालिकेची बारा फुटांची पट्टी होती आणि तिच्यावर दोन पक्क्या खोल्या होत्या. दोरीवर शाळेचे दोन गणवेश वाळत होते. अडगळ शाळेत जाते हे मला नवीनच होतं. एक बाई कपडे काढता काढता थांबली. ती त्यांची धाकटी सून.

"किती जण राहता इथे?" ताईने विचारलं.

"चौघं. आम्ही दोघं आणि मुलं. अकरा वर्षं झाली."

म्हाताऱ्याने ताईला बाजूला घेतलं. "बाई, ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. पट्टी पालिकेची आहे. तुम्ही राहतं घर लिहिलंत तर उद्या पाडायला येतील. 'मोकळी जागा' लिहा की. आम्ही असंच करायचो."

माझ्या हातातलं टेपचं टोक सुटलं. ताईने मात्र शांतपणे टेप गुंडाळली आणि त्यांना आमची गल्ली सांगितली. एकोणीस घरं, कोपऱ्यावरचा शिंपी, ट्रकतळ, बाबा, सगळं.

"कुठली गल्ली?" ते म्हणाले. खरंच आठवत नव्हतं त्यांना. दिवसाला चारशे जागा करायचे म्हणे. याचाच मला जास्त राग आला. आमच्या घरादाराचा नाश करून माणूस तेवीस वर्षं गाढ झोपला होता.

पण डोकं तल्लख. दोन मिनिटांत त्यांनी हिशोब जुळवला. "तुम्हाला माझा जबाब हवाय ना? देतो. इतक्या जुन्या गोष्टीसाठी आता माझी पेन्शन कोण अडवतंय? तुम्ही तेवढं मागचं सांभाळा."

"आधी जबाब," ताई म्हणाली. "फॉर्म माझ्याच हातात आहे."

ती हो म्हणाली नाही. मी साक्षीला होते. पण आपल्यावरून जग ओळखणारा माणूस तो, त्याला ते हो सारखंच ऐकू आलं. वळणदार अक्षरात त्याने पानभर लिहून दिलं, की मी जागेवर उतरलो नव्हतो, गल्लीत घरं होती का हे मी पाहिलं नाही. खाली सही, तारीख.

ताईने तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. मला म्हणाली, "टेप धर." दोन्ही खोल्या तिने आतून, बाहेरून, इंचाइंचाने मोजल्या. सातव्या रकान्यात लिहिलं, "राहतं घर, चार माणसं." जाताना सुनेला सांगितलं, "खोल्या कदाचित पाडतील. पण आता तुमची नोंद आहे. नव्या सर्व्हेत नोंद असलेलं घर पाडलं, तर पालिकेला दुसरं द्यावं लागतं. कोणी काही म्हणालं तरी ही नोंद सोडू नका."

म्हातारा फाटकापर्यंत ओरडत आला. "शब्द दिला होतात तुम्ही!"

"जागेवर या, बघा, मग बोला," ताई म्हणाली.

मी मात्र बसस्टॉपवर तिच्याशी भांडले. त्याच्या नातवंडांना घर कशाला मिळवून द्यायचं? आमच्या गल्लीतली मुलं तेव्हा कुणाला दिसली होती? ताईने तिकिटाचे सुटे काढून ठेवले.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. आराखड्याचा मसुदा लागल्यावर म्हाताऱ्याने दोन हरकती टाकल्या. एक, बंगल्यामागे कोणी राहत नाही, नोंद खोटी आहे. दोन, गल्लीचा जबाब आमिष दाखवून घेतला, तो मी मागे घेतो. दुसरी हरकत मान्य झाली असती तर एकोणीस कुटुंबं पुन्हा कागदावरून पुसली गेली असती. सुनावणीच्या दिवशी मी पुन्हा रजा काढली. ताई भिंतीला टेकून उभी होती, हातात फॉर्म.

समोर मोठ्या बाई. "सर्व्हेअर बाईंनी तुम्हाला काही कबूल केलं होतं?"

"तसं बोलल्या नाहीत, पण..."

"बंगल्यामागे कोणी राहतं?"

म्हाताऱ्याने छाती काढून सांगितलं, "कोणी नाही. मोकळी जागा आहे."

मागच्या बाकावरून त्यांची सून उठली. तिच्या कडेवर धाकटा होता, खरं तर कडेवर घ्यायच्या वयाचा नव्हता. "मग मी कोण आहे, बाबा?" ती म्हणाली. "अकरा वर्षं तुमचा सकाळचा चहा कोण आणून देतं?"

मोठ्या बाईंनी दोन्ही हरकती फेटाळल्या. जो आज घरच्या माणसांबद्दल खोटं सांगतो, त्याने सही करून दिलेलं खरं आता खोटं म्हणून चालणार नाही, असं त्या म्हणाल्या आणि टिपणीत लिहवून घेतलं. एकोणीस कुटुंबं यादीत आली. मला आनंद झाला, आणि तो न्यायाचा नव्हता, सुडाचा होता. मी कशाला लपवू?

आम्ही दोघी धावत चौथा मजला चढलो. आई खिडकीशी बसली होती. तेवीस वर्षांत तिने त्या माणसाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. कोणी विषय काढला तर म्हणायची, "जाऊ दे, नशीब." आम्हाला वाटायचं, आई विसरली, आईने माफ केलं.

सून भर सभागृहात कशी उठली, हे मी दारातूनच एका दमात सांगून टाकलं. ताईने यादी उघडली. "आई, तळमजला मिळणार आहे. दोन खोल्या, पुढे..."

"घराचं राहू दे," आईने तिला हाताने थांबवलं आणि माझ्याकडे वळून खुर्ची पुढे ओढली. "सून उठली तेव्हा त्याचं तोंड कसं झालं ते सांग. आणि घाई करू नकोस."