दोन कप चहा

दिपिकाचा हात फिरल्याशिवाय पेणजवळच्या जोहे गावातल्या मूर्तींच्या कारखान्यातून एकही गणपती बाहेर पडत नसे. मूर्ती कुणीही घडवो, रंग कुणीही देवो, डोळे आखायचे तिनेच. श्वास रोखायचा, ब्रश टेकवायचा, बुबुळ पुरं झालं की श्वास सोडायचा. वीस वर्षं हेच. वजन मात्र एकशे अठरा किलोवर गेलं होतं. मांडण्यांच्या मधून तिला फिरता येईना, म्हणून मूर्ती उचलून तिच्यापुढे आणत. त्याचं तिला काही वाटत नसे. उलट म्हणायची, "देव माझ्याकडं चालत येतात. तुमच्याकडं येतात का?"

पण गेल्या हंगामात एकेका रेषेच्या दोन रेषा दिसायला लागल्या. पेणच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. साखर आवरली नाही तर नजर जाईल, आणि वजन उतरल्याशिवाय साखर आवरायची नाही. पनवेलला पोट लहान करायच्या ऑपरेशनची तारीख ठरली. माघी गणपती उरकल्यानंतरची.

भीती एकच होती. भूल दिली आणि डोळे उघडलेच नाहीत तर? हे तिने फक्त नवऱ्याला, हरेशला सांगितलं. हरेश मूर्तींचा टेम्पो चालवायचा, बोलायला गोड. हॉस्पिटलने श्वासाच्या व्यायामाला तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र दिलं होतं. नळीतून श्वास ओढला की गोळ्या वर जात. रोज संध्याकाळी तो समोर बसून आकडे मोजायचा. "घाबरू नको गो. आतल्या दारापर्यंत मी हात धरून येतो. तू फक्त गोळ्या वर ठेव." आणि खरंच, त्याच्या आवाजाने तिच्या छातीवरचं दडपण उतरायचं. डॉक्टरांनी सांगितलं तसं ऑपरेशनआधी दोन आठवडे ती वरणाच्या पाण्यावर आणि ताकावर राहिली. दुपारी कारखान्यातल्या बायका पापड तळायच्या, तेव्हा ही पाठ करून बसायची.

ऑपरेशनच्या सकाळी ती हॉस्पिटलचा गाऊन घालून बसली, तर नवल म्हणजे भीती पार गेलेली. तेवढ्यात सिस्टर आली.

"सकाळी चहा घेतलात? मिस्टर सांगतायत."

दिपिका हसली. "चेष्टा करतात ते. पाण्याचा थेंब नाय घेतला."

डॉक्टर आले. पोट रिकामं नसताना भूल देणं जिवावर बेतू शकतं, म्हणाले. "भूक सहन होत नाही, मग पेशंट लपवतात. आम्हाला सवय आहे."

तिने हरेशकडे पाहिलं. आता खरं सांगेल म्हणून पाहतच राहिली. हरेश फरशीकडे बघत म्हणाला, "घेतला तिनं. दोन कप."

लहानपणापासून तिने हेच ऐकलं होतं. डब्यातला लाडू कमी झाला, दिपिकाने खाल्ला. लग्नात जेवण कमी पडलं, दिपिका येऊन गेली असेल. जाड बाई उपाशी आहे, यावर कुणाचा विश्वास बसत नाही. हे तिने हरेशलाच रडत सांगितलं होतं आणि त्याने नेमकं तेच वापरलं. ऑपरेशन रद्द झालं. ती गाऊन काढायला आत गेली.

परतीच्या वाटेवर टेम्पो हमरापूरला आला, तेव्हा हरेशच रडायला लागला. "तू उठली नायस तर मी काय करू? मी घाबरलो गो."

"मी बी घाबरले होते. मी तुमाला सांगितलं ना? तुमी बी मला सांगायचं होतं. भीती तुमची, आणि चहा माझ्या तोंडी?"

त्याचे डोळे पुसायला तिने पदर उचलला नाही.

नवी तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. पुन्हा वरणाचं पाणी, पुन्हा ताक. गोळ्यांचं यंत्र तिने कारखान्यात नेऊन ठेवलं. मूर्तींच्या पितांबरात रंग भरणारी समीक्षा आता आकडे मोजायची. भीती परत आली होती, पहिलीपेक्षा मोठी, कारण ती सांगावी असं घरात कुणी उरलं नव्हतं. ऑपरेशनच्या दिवशी हरेश टेम्पोची किल्ली घेऊन दारात उभा होता. दिपिका त्याच्या बाजूने निघून गेली आणि समीक्षासोबत पनवेलच्या एसटीत बसली.

हॉस्पिटलात सिस्टर तीच होती. "आज काही खाल्लं-प्यायलं?"

"नाय."

"मिस्टर नाही आले?"

"त्यांना नाय आणलं," गाऊनची नाडी बांधत दिपिका म्हणाली. "ते आले की मी चहा पिते."