रिबकामावशीची शेवटची आंघोळ

सकाळी भांडी घासत होते, तेवढ्यात एस्तेरचा फोन आला. "शबाना, मावशी गेली गं..." खोपोलीच्या दवाखान्यात गेली, पहाटेच. माझ्या हातात तवा तसाच राहिला. एस्तेर म्हणजे रिबकामावशीची भाची, ठाण्याला असते. आन रिबकामावशी म्हणजे लोधिवलीत आमच्या भिंतीला भिंत लागून राहायची ती म्हातारी. यहुदी होती. जुनी माणसं त्यांना शनवार तेली म्हणायची, तेल गाळायचे आन शनवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून. गावात त्यांच्यातली ती एकटीच उरलेली. आमी मुसलमान. मी सातवीपर्यंत शिकलेली, चुकलं तर संबाळून घ्या.

लग्न होऊन आले तेव्हा तिच्या घरात बघितलं, एक मूर्ती नाय, देवाचा फोटो नाय. मला वाटलं, ही आमच्यातलीच. विचारलं, "मावशी, तुमी कोण?" तर म्हणते, "माणूस हाय गं, दिसत नाय का?" मग मला नादच लागला. भाजी निवडायला तिच्या ओट्यावर बसायचं आन विचारत सुटायचं. डुक्कर? नाय खात. उपास? पाणीसुदिक नाय, पण वर्षातनं थोडेच दिवस, तुमच्यावानी महिनाभर नाय. सुंता? आठव्या दिवशी. इब्राहिम, मुसा, हे पैगंबर तुमच्यात पण हायत? "आमच्याकडनंच गेलेत की तुमच्यात!" मी म्हटलं, "आता परत मागू नका." तर एवढी हसली, एवढी हसली, की खोकलाच लागला तिला.

पयल्या ईदला मी मोठ्या हौसेनं तिला बिर्याणी नेली. तिनं डबा उघडला, वास घेतला, आन झाकण लावलं. मला रडूच आलं, वाटलं आमच्या हातचं चालत नाय. तर म्हणते, "कापणाऱ्यानं देवाचं नाव घेतलं ना? मग मला चालतं. पण ह्यात दही हाय गं. मटण चालतं, दही पण चालतं, दोघांचं लगीन लावायचं नाय." पुढच्या ईदला नारळाच्या दुधात केली. दोनदा वाढून घेतली म्हातारीनं, वर म्हणते, मीठ कमी हाय.

मग ती आजारी पडली. एक दिवस माझा हात धरून म्हणाली, "आमच्यात बाई मेली की तिला बाईमाणसानंच धुवायचं. एस्तेर एकटी पडंल. तू येशील?" मी हो म्हटलं... तोंडातनं गेलंच. घरी सांगितलं तर सासू चिडली. "ल्हान पोर अंगावर पिती तुझ्या. मयताला हात लावलास तर दूध आटंल. पोरीला काय झालं मंजे?" माझी आयेशा तेव्हा आठ महिन्यांची. भीतीनं माझी झोप गेली. बाकी सगळं मी मावशीला विचारलं, हे नाय विचारलं. कसं विचारणार?

मावशीला खोपोलीहून घरी आणलं त्या दिवशी मी आयेशाला पोटभर पाजलं, सासूच्या मांडीवर ठेवलं आन गेले. सासूनं तोंड फिरवलं. एस्तेर कफनाचे पांढरे सुती कपडे घेऊन आलेली. "आता काय करायचं गं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "चादर काढायची नाय, खालनंच धुवायचं. उजवी बाजू आधी." "तुला कसं माहीत? फोनवर थोरल्या मामीनं हेच सांगितलंय." मी म्हटलं, माझ्या आजीला असंच धुतलेलं. मग आमी दोघी हळूहळू पाणी घालत राहिलो. मावशीचे केस एवढे मऊ असतील, मला म्हाईतच नव्हतं. एस्तेर त्यांच्या भाषेत काहीतरी बोलत होती, तेच तेच, परत परत.

घरी आले, अंगावर पाणी घेतलं. आयेशा भुकेनं किंचाळत होती आन मी उंबऱ्यावर उभी. आत जायला पाय उचलंना. पोरीला घ्यायला हात पुढं होईना. सासूनं बघितलं. म्हणाली, "काय म्हणत होती ती भाची? भिंतीतनं ऐकू येत होतं."

"मी पण विचारलं, अम्मा. देव एकच हाय, एवढंच. तिला तेवढंच येत होतं."

सासू म्हणाली, "मंजे अर्धा कलमा तर आपलाच की गं." आन आयेशाला उचलून माझ्या कुशीत दिलं. "घे. काय होत नाय." पोरगी चुटुचुटु प्यायला लागली, आन मी तेव्हा पयल्यांदा रडले.

आता महिना झाला. दूध हाय, पोरगी रांगतीय. नवल मंजे सासूलाच आता नाद लागलाय. काल जेवताना म्हणते, "काय गं, त्यांच्यात मेल्यावर हिशोब द्यायला परत उठवतात का? आपल्यावानी?"

"थांबा, मावशीला विचारून सांगते," मी म्हटलं. उठून दारापर्यंत गेलेसुदिक...