शाकाहारी कुत्र्याच्या घशातलं हाड

आमचा कुत्रा एकादशीला भगर खायचा. ही गोष्ट वडील येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत. आमच्या घराण्यात आधी भिक्षुकी, मग कारकुनी. कुत्राही घराच्या वळणावर गेला याचा त्यांना कोण अभिमान! मला मात्र हे ऐकताना दुसरीकडे बघावं लागे. मी वाळूजच्या एका कारखान्यात कामाला होतो आणि दर रविवारी बजाजनगरात एका मित्राच्या खोलीवर मटण हाणत होतो. येताना नळीची दोन-चार हाडं कागदात गुंडाळून आणायचो आणि मागच्या अंगणात गुपचूप कुत्र्याला द्यायचो. एकादशीची भगर तो निमूट गिळायचा ती रविवारच्या भरवशावर.

निवृत्तीनंतर वडिलांनी आमच्याच शहराच्या कडेला, सातारा परिसर म्हणतात तिथं घर बांधलं, तेव्हा आजूबाजूचे निम्मे प्लॉट मोकळे होते. बघता बघता चहूकडे इमारती उठल्या, नळ मात्र आलाच नाही. त्यात दुष्काळ. टँकर आला की सगळी गल्ली निळे ड्रम घेऊन धावायची. आम्ही तिसऱ्या दिवशी अंघोळ करत होतो, तरी वडील रोज सकाळी फाटकाबाहेर जर्मनचं मोठं पातेलं भरून ठेवत, मुक्या जनावरांसाठी. परिसरातली यच्चयावत कुत्री तिथं जमत. आमचाही घरचं भांडं सोडून पंगतीला बसल्यासारखा त्यांच्यातच तोंड घालायचा.

अशात एका सोमवारी तो खोकू लागला. मान पुढं ताणायचा, घसा खरवडल्यासारखा कोरडा आवाज काढायचा आणि शेवटी उबळ येऊन थोडा पांढरा फेस टाकायचा. काहीतरी अडकलंय हे कोणीही सांगितलं असतं. मला तर काय अडकलंय तेही माहीत होतं. आदल्या दिवशीची एक नळी टोकाला फुटलेली होती.

आईनं सुक्या भाताचा गोळा गिळायला दिला, वडिलांनी केळं भरवलं. त्यानं दोन्ही आवडीनं खाल्लं आणि पुन्हा खोकला. कोणी नसताना मी दोनदा त्याच्या जबड्यात बोटं घालून पाहिली. त्याला हा नवा खेळ वाटला. मंगळवारी मी रजा टाकली आणि त्याला रिक्षात घालून वडील आणि मी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर पाचोडकडचे. सगळा जन्म गाई-म्हशी तपासलेला माणूस, शहर वाढलं तसा कुत्र्या-मांजरांकडे वळलेला. त्यांनी विचारलं, "हाड-बिड खाल्लं का यानं?"

"हाड?" वडील खुर्चीतून उठलेच. "डॉक्टर, हा एकादशी करतो!"

"तसं नाय काका. हाड असंल तर भूल देऊन काढावं लागंल. कुत्रं म्हातारं झालंय, भूल सोसंल का नाय सांगता येत नाय. आन् आत राहिलं तर त्याहून वाईट. म्हणून इचारतो, खरं सांगा."

"आमच्या घरात हाड येणं शक्यच नाही. लिहून देतो," वडील म्हणाले आणि खरोखर खिशातलं पेन काढलं.

कुत्रा टेबलावरून माझ्याकडे बघून शेपूट हलवत होता. तेवढ्यानं मी खचलो. त्याच्या जिवापुढं माझी अब्रू ती काय!

"नळी होती," मी म्हणालो. "मटणाची. मीच दिली. दर रविवारी देतो. मी पण खातो." एवढी सविस्तर माहिती कोणी मागितली नव्हती, पण एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येईना.

वडिलांनी पेनाला टोपण लावलं आणि ते खाली बसले.

डॉक्टरांनी जबडा उघडून बॅटरी मारली. मग एक बिस्कीट पुढं केलं, ते त्यानं गट्टकन गिळलं. मग त्यांनी दोन बोटांनी नरड्यावर हलकेच दाबलं, तसा तो लगेच खोकला.

"हाड नाय," डॉक्टर म्हणाले. "असतं तर गिळता आलं नसतं, लाळ गळली असती. हा साथीचा खोकला हाय, एका कुत्र्याचा दुसऱ्याला लागतो. चार कुत्री एका भांड्यात पाणी पितात का कुठं?"

आता दुसरीकडे बघण्याची पाळी वडिलांची होती. मी गप्प बसायला हवं होतं. "फाटकाबाहेर पातेलं आहे," मी म्हणालो. "लई मोठं."

डॉक्टरांनी औषध दिलं. पंधरा दिवस इतर कुत्र्यांत सोडायचं नाही, गळ्याचा पट्टा काढून छातीचा बांधायचा, न्हाणीघरात गरम पाण्याची वाफ द्यायची, माणसाचं खोकल्याचं औषध द्यायचं नाही. "आन् शिजलेलं हाड कधीच नाय," त्यांनी मला बजावलं. "आज वाचलं, उद्या अडकंल."

रिक्षात वडील कुत्र्याला धरून बाहेर बघत बसले. मला लाज वाटत होती, पण त्याहून जास्त भीती. हा माणूस यापुढं माझ्या शेजारी जेवायला बसेल की नाही, एवढंच डोक्यात होतं. त्या रात्री ते लवकर जेवून उठले. पुढचे दिवस ते फक्त कुत्र्याशी बोलले. बाहेरचं पातेलं घासून पुन्हा भरून ठेवलं, आमच्या कुत्र्याला फाटकाच्या आत बांधलं आणि स्वतःच्या अंघोळीची बादली त्याच्या वाफेसाठी तापवली.

रविवारपर्यंत खोकला बराच उतरला. मी कुठंही न जाता ओसरीवर चहा घेत बसलो होतो. अकरा वाजले तसे वडील पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "मित्राकडे नाही जायचं?"

"नाही."

"जा. तो वाट बघत असेल." त्यांनी पान उलटलं. "फक्त तिथंच जेवून ये, घरी आणू नकोस. याला सोसायचं नाही."