वहिनींचा पासवर्ड

पासवर्डवरून माणूस कळतो, असं माझं मत आहे. माझे पासवर्ड नियमाने ठरतात आणि दर तिमाहीला बदलतात. राळेगावचे माझे दादा सगळीकडे एकपासून आठपर्यंतचे आकडे ओळीने टाकतात. वर म्हणतात, "आपल्याजवळ चोरण्यासारखं हाये काय?"

वहिनींचा पासवर्ड मात्र कुणालाच माहीत नव्हता. पुतणीच्या नर्सिंग प्रवेशाचं खातं त्यांनीच उघडलं होतं. कॉलेजांची पसंती भरायचा शेवटचा दिवस उजाडला, तेव्हा मी दादांकडेच होतो, आणि वहिनी बोरी अरबहून, माहेरून परतत होत्या. पुतणीने स्वतःचं, आईचं, दादांचं नाव टाकून पाहिलं. आता फक्त एक संधी उरली होती. तीही चुकली की खातं उद्यापर्यंत बंद, म्हणजे वर्ष गेलं. नवा पासवर्ड मागवावा, तर खात्याला जोडलेलं सिम कधीचं बंद पडलेलं.

फोन लागला. वहिनी एसटीत होत्या.

"माहं नाव हाये, भाऊजी."

"तुमचं टाकून पाह्यलं."

"हे नाही. माहेरचं. अन् त्याच्यापुढं दहावीचे टक्के."

तेवढ्यात रेंज गेली. पुन्हा फोन लागेना.

आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. नवरदेव ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहितो, आणि जुनं माहेरीच राहतं. पुतणीला ते कधी कुणी सांगितलंच नव्हतं. मला आठवेना.

"बाबा, तुम्हीच बदललं ना? आठवा की!"

 दादा हळूच एक नाव म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"पक्कं?" मी विचारलं.

"पाहाले गेलतो तवा तिच्या माईनं त्याच नावानं हाक मारली होती."

टक्के मला ठाऊक होते. मुलगी पाहायला मीही गेलो होतो, आणि आकडा एकदा ऐकला की माझ्या डोक्यातून जात नाही. चौसष्ट.

खातं उघडलं. पुतणीने यवतमाळचं कॉलेज पहिलं टाकलं आणि अर्ज गेला.

संध्याकाळी वहिनी दारातूनच विचारत्या झाल्या, "झालं का वं बाई?"

"झालं," दादा म्हणाले. "पण पासवर्ड बदलून टाक आता. समद्याइले माहीत झाला."

वहिनींनी पायांवर पाणी घेतलं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "माहीत झाला त बरंच झालं."