गुणाजीच्या रिंगमधला सत्यनारायण

लालबागच्या केळुसकर चाळीत गुणाजी परबांना परब म्हणून कुणीच ओळखत नाही. सगळे बॉक्सर म्हणतात, आणि त्यात निम्मा मान आणि निम्मी टवाळी असते. वय एकसष्ट, बँकेतल्या शिपायाच्या नोकरीतून निवृत्त, नाक दोन ठिकाणी वाकडं. पहिल्या वाकाची हकीकत ते स्वतः रंगवून सांगतात. दुसरा वाक न्हाणीघराच्या दारामुळे आला, असं त्यांची बायको मीराबाई हयात असताना सांगायची. चाळीनं अर्थातच तिसरी हकीकत तयार ठेवली आहे; पण ती इथे नको, त्यातली बाई अजून तळमजल्यावर राहते.

तर हा बॉक्सर कित्येक वर्षं चाळीच्या गच्चीवर पोरांना शिकवत आला. गच्चीवर रिंग कुठली असायला? खडूनं चौकोन आखायचा, बाहेर पाय गेला की थांबायचं. पोरांचे हात झकास चालायचे, आणि पहिल्याच खऱ्या सामन्यात ती मार खाऊन यायची. का, ते गुणाजींना नेमकं ठाऊक होतं. खडूची रेघ पाठीला लागत नाही. खऱ्या रिंगमध्ये मागे सरता सरता पाठीला एकदम दोरी लागते, आणि ज्याला तिची सवय नाही तो क्षणभर बावरतो, हात खाली येतात. तेवढ्यात सगळं उरकतं. तरुणपणी खुद्द त्यांचं असंच उरकलं होतं, राज्याच्या संघात जायला एक सामना उरलेला असताना.

आणि आता दर्शना आली होती. शीव कोळीवाड्याची, अठरा वर्षांची, बोलायला कमी आणि हाताला भारी. तिची आई लालबागच्या बाजारात मासळी विकते. असं पाखरू आपल्या गच्चीवर पुन्हा उतरणार नाही, हे गुणाजींना पहिल्या दिवशीच कळलं. पण तिचं वयोगटातलं हे शेवटचं वर्ष होतं. श्रावणाच्या शेवटी निवड चाचणी. आईनं बजावून ठेवलं होतं की यंदा जमलं तर जमलं, नाहीतर सरळ माझ्या शेजारी येऊन बस, सुकट-कोलीम विक. गुणाजींना रात्रंदिवस एकच दिसायचं: पोरीच्या पाठीला दोरी लागली आहे आणि तिचे हात खाली येताहेत.

म्हणून त्यांनी तळमजल्यावरची जुनी व्यायामशाळा मागितली. नावाला व्यायामशाळा, आत गणेशोत्सव मंडळाची भांडी, गेल्या सालचे थर्माकोलचे खांब आणि एक पंख गेलेला सोनेरी गरुड. मंडळाचा अध्यक्ष हितेंद्र यानं किल्ली लगेच दिली. हितेंद्रला येत्या निवडणुकीत वॉर्डातून उभं राहायचं होतं आणि बॉक्सिंग रिंगसमोर फोटो चांगला येतो, हे त्याला समजण्याइतका तो हुशार होता. बाकी हुशारीबद्दल त्याच्या शाळेच्या मास्तरांना विचारावं.

मग गुणाजींनी रिंग उभी केली. चौथरा बांधला परळच्या गौतम मांडववाल्यानं. त्यानं जन्मभर गणपतीची स्टेजं बांधलेली. पायऱ्या काढू का, मखमली झालर लावू का, असं तो तीनदा विचारून गेला. गुणाजींनी तीनदा नको म्हटलं. सकाळी येऊन बघतात तर तीन बाजूंना लाल झालर लटकते आहे. चौथऱ्यावर जुन्या गाद्या उसवून पिंजलेल्या कापसाचा थर, वर ताणून ताडपत्री. चार कोपऱ्यांना लोखंडी पाइप. ठोसे मारायच्या टांगत्या बॅगेत त्यांनी आधी रेती भरली. एका रात्रीत ती तळाशी बसून दगड झाली आणि पहिल्याच ठोशाला त्यांचंच मनगट सुजलं. मग शिंप्याकडच्या चिंध्या ठासून भरल्या. दोऱ्या आल्या शिवडी बंदरावरून, दर्शनाच्या मामाच्या होडीवरच्या. त्या इतक्या खरखरीत की पाठ सोलून निघाली असती. तेव्हा चाळीतल्या बायकांनी जुन्या साड्या फाडून दोऱ्यांना गुंडाळायला दिल्या. सोनूबाईंनी, म्हणजे चाळीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या, चौऱ्याऐंशी वर्षांच्या, हितेंद्रच्या आजीनं, आपलं मोतिया रंगाचं लुगडं दिलं.

इथवर सगळं ठीक होतं. पण आपल्या माणसांत नवी वस्तू आणली की आधी पूजा. गुणाजींनी रिंगच्या उद्घाटनाला सत्यनारायण घातला, आणि घातला तो थेट रिंगमध्ये. चौरंग मधोमध, आणि केळीचे खांब बांधायला चार कोपऱ्यांना चार पाइप आयतेच उभे. देखावा असा झाला की भटजीसुद्धा दोन मिनिटं बघत राहिले. चाळीनं रांग लावून शिऱ्याचा प्रसाद खाल्ला. काहींनी दोनदा खाल्ला. नावं सगळ्यांना माहीत आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरपूजा करून देवाला निरोप द्यायचा, चौरंग हलवायचा. पण पहाटे बॅगेचा हूक छतातून सुटला आणि गुणाजी लोहाराला शोधत कॉटन ग्रीनपर्यंत गेले. भटजी आले, यजमान नाहीत म्हणून थोडा वेळ थांबले आणि वडाळ्याला दुसरी पूजा होती तिकडे निघून गेले. गुणाजी परत येऊन हूक ठोकत बसले. उत्तरपूजा त्यांच्या डोक्यातून साफ गेली. देव रिंगमध्येच राहिला.

दुपारी सोनूबाई उतरल्या, बघतात तर देव तसाच. त्यांनी दिवा लावला. दुसऱ्या दिवशीही लावला. आठवड्याच्या आत दुसऱ्या मजल्यावरच्या वैदेहीचं लग्न ठरलं. आता खरं सांगायचं तर वैदेहीचं त्या वडाळ्याच्या मुलाशी दोन वर्षं चालू होतं आणि गच्चीच्या टाकीमागे कोण उभं असतं हे टाकीलाही माहीत होतं. अडत होतं ते फक्त मुलाच्या आईपाशी. पण वैदेहीनं रिंगमध्ये नारळ ठेवला होता, त्यामुळे श्रेय देवाला गेलं. मग बाजूच्या चाळीतल्या बायका येऊ लागल्या. संध्याकाळी आरती सुरू झाली. झालर होतीच, हितेंद्रनं वर दिव्यांची माळ सोडली. फोटो काढले ते आरतीचे. बॉक्सिंगचं नाव त्यात नव्हतं.

आणि एका संध्याकाळी दर्शना बूट बांधून दोरीखालून आत शिरायला गेली, तर सोनूबाईंनी हात आडवा केला. देवाच्या जागेवर चामड्याचे बूट चालायचे नाहीत. दर्शना अनवाणी जायला तयार झाली. तरी नाही. तिथे मारामारी करायची, रक्त सांडायचं, ते देवापुढे? आजीबाईंचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

गुणाजी हितेंद्रकडे गेले. तो म्हणाला, काका, टेन्शन घेऊ नका, गणपती झाले की बघू. गणपती झाले की चाचणी होऊन गेलेली असणार, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. हितेंद्रनं प्रत्येक वेळी मान डोलावली आणि मोबाइलमध्ये बघितलं. मग ते भटजींकडे गेले. उत्तरपूजा केव्हाही करता येईल, भटजी म्हणाले, पण आता पूजा एकट्या तुमची राहिली नाही, चाळीची संमती आणा. संमती म्हणजे सोनूबाई. सोनूबाईंच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, देव स्वतःहून राहिलाय, त्याला घालवणारी मी कोण?

पुन्हा गच्ची. पुन्हा खडू. गुणाजींनी दोन वाशांना चादर बांधून दोरी करून बघितली. वासे आडवे झाले. त्यांची झोप उडाली, जेवण सुटलं. उजव्या हातात पूर्वीचा जोर राहिला नव्हता. ठोसे झेलायचे पॅड धरले की दर्शनाचा ठोसा त्यांच्या छातीवर सरकायचा. एक दिवस ती हातावरची पट्टी सोडत खाली बसली.

"सर, सोडून देऊया. आईकडे जाते मी. तुमची तब्येत बघा जरा."

गुणाजींनी पॅड काढून ठेवले. ते जिना उतरून खाली आले. व्यायामशाळेत आरती नुकतीच संपली होती, कापराचा वास होता, वीस-पंचवीस माणसं प्रसादासाठी थांबली होती. गुणाजी चपला काढून दोरीखालून वाकून आत गेले, चौरंगासमोर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. चाळीत आजही यावर दोन तट आहेत. एक तट म्हणतो बॉक्सरनं हे सगळं ठरवून केलं, म्हातारा पक्का आहे. जे जवळ उभे होते ते म्हणतात, त्या माणसाच्या डोक्यात काहीसुद्धा नव्हतं. कोकणात गावच्या देवळात लहानपणापासून जे ऐकलं तेच तोंडातून आलं. गुणाजींनी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा सत्यनारायणा म्हाराजा. ह्या गुणाजीन तुका आणल्यान, हंय बसवल्यान, आणि पाठवणी करूक इसारलो. चूक माझी म्हाराजा."

गाऱ्हाण्याची एक रीत आहे. घालणारा थांबला की जमलेल्यांनी होकार द्यायचा. कोकणातल्या माणसाला त्यासाठी विचार करावा लागत नाही; शिंक आल्यासारखं ते येतं.

"व्हय म्हाराजा," वीस-पंचवीस तोंडं एकदम म्हणाली.

"ह्या कोळणीच्या चेडवाक खेळाचा आसा. तेका ही जागा व्हयी. तू आता तुझ्या जाग्यार जा, आणि ही जागा तेका मोकळी करून दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तेच्या पायातल्या बुटाचो काय दोष लागत असात, तर तो माझ्या माथ्यार घाल. तेच्या घालू नको." इथे पुढचं म्हाराजा म्हणायचं राहूनच गेलं.

तरी सगळे म्हणाले. आणि सगळ्यांत ठणठणीत, सगळ्यांच्या अर्धा क्षण आधी म्हणाल्या त्या सोनूबाई. म्हणून झाल्यावर मात्र त्यांचं तोंड उघडंच राहिलं. हितेंद्र काहीतरी बोलायला पुढे आला. आजीनं त्याच्याकडे न बघताच त्याला गप्प केलं. देवाच्या पुढ्यात तीनदा होय म्हटलेलं आता कुठल्या तोंडानं नाही म्हणायचं? मग त्यांनी अक्षता मागवल्या, भटजींना बोलवायला माणूस पाठवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरपूजा झाल्यावर चौरंगाचा एक पाय स्वतः धरून तो बाहेर नेला. दिव्यांची माळ हितेंद्रनं काढली. झालर तेवढी राहिली.

संध्याकाळी दर्शना बूट घालून रिंगमध्ये चढली. कोपऱ्यातल्या बाकावर सोनूबाई येऊन बसल्या होत्या. बूट घालून नक्की काय करतात ते बघायला, असं त्यांनी शेजारणीला सांगितलं.

गुणाजींनी पॅड चढवले आणि पोरीला मागे रेटायला सुरुवात केली. एक पाऊल, आणखी एक. पाठीला साड्यांची दोरी लागली. दर्शना दचकली, हात खाली आले, आणि गुणाजींचा पॅड तिच्या कानावर बसला. जे त्यांना कित्येक रात्री दिसत होतं ते समोर, दिवसाउजेडी, जसंच्या तसं. त्यांनी पुन्हा रेटलं. पुन्हा हात खाली. मग पुन्हा. त्यांचा स्वतःचा हात आता पॅडच्या वजनानं खाली लोंबायला लागला होता आणि दर्शनाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. चाचणी त्या आठवड्याच्या अखेरीस होती.

"दोरीला भिऊ नकोस," ते धापा टाकत म्हणाले. "ती तुला धरत नाही. टेक तिच्यावर आणि सूट."

पोरीनं मान हलवली, पण ते आत गेलं नव्हतं. पुढच्या खेपेला तिची पाठ लागली, हात खाली यायला लागले.

"गो बाय," बाकावरून सोनूबाई म्हणाल्या, "माझा लुगडा आसा तां. काय करूचा नाय तुका."

दर्शनानं पाठ दोरीवर सोडली. दोरी मागे गेली, ताणली आणि तिला घेऊन पुढे आली. हात वर होते. गुणाजींचा पॅड रिकाम्या हवेतून गेला, आणि त्यांचा तोल जाऊन ते गुडघ्यावर आले. ती थांबली, त्यांना उठवायला वाकली.

"उठवू नको," गुणाजी म्हणाले. "कोपऱ्यात जा. परत कर."